एका पानाचे उत्तर

मित्रांनो, एप्रिल महिन्यात सरांना एक पत्र आले आणि सरांनी त्याचे उत्तर दिले नाही. मी एक जुना रबरी शिक्का आहे. ते पत्र आणि मी टेबलाच्या एकाच खणात पाच महिने शेजारी शेजारी पडून होतो, म्हणून ही हकिकत मला ठाऊक आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही याची मात्र खात्री नाही. आयुष्यभर मी एकच वाक्य बोलत आलो. एवढे लांब बोलण्याची मला सवय नाही.

ते वाक्य असे: 'ही मूळ कागदाची खरी प्रत आहे.' इंग्रजीत, तीन ओळींत, आणि खाली सहीला व तारखेला जागा.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावचा. मुख्य रस्त्यामागच्या बोळात एक म्हातारा शिक्के तयार करीत असे. त्याने रबराच्या पट्टीवर माझी अक्षरे उलटी कोरली, मला लाकडी मुठीवर चिकटवले आणि कोऱ्या कागदावर पहिल्यांदा दाबले. शेवटचे अक्षर जरा फिके उमटले. म्हातारा म्हणाला, "दुसरा करून देतो." समोर उभे असलेले गृहस्थ हळूच म्हणाले, "नको, असू दे. गर्दीत सापडेल मला." तेच माझे सर, भास्कर पोंक्षे. मी त्याच दिवशी त्यांचा झालो.

सर पुण्याहून चाळीस वर्षांपूर्वी इथे आले. इथल्या विद्यापीठात त्यांनी करारांचा कायदा शिकवला. दोन माणसांनी कागदावर सही केली म्हणजे नेमके काय होते, ते शिकवण्यात त्यांची उमर गेली. निवृत्तीनंतर ते जेपी झाले. जेपी म्हणजे सरकारने नेमलेला साधा नागरिक. लोकांनी आपले कागद त्याच्याकडे न्यायचे, त्याने मूळ कागद आणि प्रत ताडून पाहायची आणि शिक्का मारून सही करायची. दर गुरुवारी ग्रंथालयाच्या दाराशी एक टेबल मांडत. एका खुर्चीत सर बसत, दुसऱ्या खुर्चीत विनीता, तीही जेपी. ती इथल्या हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करी आणि सरांना काका म्हणे.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. नोकरीच्या अर्जासाठी डिग्री घेऊन आलेली मुले, बापाचे मृत्युपत्र घेऊन आलेला गहू पिकवणारा शेतकरी, लेकराचा जन्मदाखला छातीशी धरून आलेली आई, सगळ्यांच्या कागदांवर मी उमटलो. सर मूळ कागद उजेडाकडे धरत, ओळीवर बोट ठेवून वाचत, मगच मला उचलत.

विनीता म्हणायची, "काका, तुमचा शिक्का बघा, कसा शाळेतल्या हुशार मुलासारखा सरळ बसलाय. आणि माझा? पार्टीतनं आल्यासारखा."

"तू घाई करतेस," सर म्हणायचे.

"आणि तुम्ही एका पानाला अर्धी दुपार लावता. लाइन बघा किती झाली."

एका गोष्टीत मात्र दोघे सारखेच कडक होते. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिक्का नाही. हा नियम नसता तर माझ्या बोलण्याला काय किंमत उरली असती?

मार्चमधल्या एका गुरुवारी नादिया आली. तिशीची असेल. तिच्या देशाचे नाव मी सांगत नाही, कारण ते नाव कसे लिहायचे यावरूनही तिकडे भांडण आहे. एवढे सांगतो की तिच्या गावात दुसऱ्या देशाचे सैन्य येऊन बसले होते आणि गावाचा कारभार त्याने आपल्या हातात घेतला होता. अशा स्थितीला ताबा म्हणतात. आता दूरच्या एका शहरात दोन्ही बाजूंची माणसे शांततेच्या वाटाघाटींना बसली होती. गावातली माणसे मात्र त्या टेबलापाशी नव्हती. म्हणून एक संस्था याद्या करत होती: कोण कुठल्या घरात राहत होते, त्याचा पुरावा काय. वाटाघाटींत त्यांचा विसर पडू नये, एवढ्यासाठी.

नादियाने एक कागद पुढे केला. घराच्या दस्ताचा मोबाइलवर काढलेला फोटो, कागदावर छापलेला.

"मूळ कुठे आहे?" सरांनी विचारले.

"वडिलांकडे."

"आणि वडील?"

"घरात. पुलापलीकडे. तिथून कागद बाहेर येत नाही. माणूसही येत नाही."

सरांनी मला उचललेले होते. माझ्या अंगावर शाई होती. त्यांनी मला परत पॅडवर ठेवले. ते खाली बघून म्हणाले, "मी कायदा शिकवलेला माणूस आहे. मूळ न पाहता शिक्का मारला तर तो तुमच्याही कामाचा राहणार नाही. मला माफ करा."

ती म्हणाली, "नो वरीज." 'काही हरकत नाही' अशा अर्थाचे हे शब्द इथे आल्यावर माणूस पहिल्या आठवड्यात शिकतो. तिने कागदाची घडी नखाने नीट बसवली आणि ती गेली.

"काका, तुमचं काही चुकलं नाही," विनीता म्हणाली.

"हो."

"मग चेहरा असा काय केलाय?"

सरांनी पुढचा कागद ओढला. त्यावर मी पहिल्यांदाच तिरका उमटलो.

महिन्याभराने तिचे पत्र ग्रंथालयाच्या पत्त्यावर आले. ती आता मेलबर्नजवळ क्रेगीबर्नला, वृद्धांच्या एका निवासात कामाला लागली होती. तिने लिहिले होते की शिक्क्याबद्दल तुमचे बरोबर होते, माझा राग नाही. पण तुम्ही कायदा शिकवलात असे म्हणालात, म्हणून एक विचारते. गावात आता सैन्याचे एक ऑफिस उघडले आहे. तिथे एका कागदावर सही मागतात. 'मला कुठलेही संरक्षण नको, सांगाल तेव्हा मी राजीखुशीने गाव सोडीन, तक्रार करणार नाही,' असा तो कागद. सही केली की पुलावरून पलीकडच्या दवाखान्यात जायचा पास मिळतो. वडील सही करत नाहीत. ते गावचे शाळामास्तर होते. ते म्हणतात, 'माझी सही वाटाघाटींच्या टेबलावर दाखवतील आणि म्हणतील, बघा, लोक आपणहून गेले.' मला एवढेच सांगा, त्यांनी सही केली तर सगळे संपते का? शेवटी तिने वडिलांच्या डोळ्यांविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या.

सर त्या दिवशी मला आणि पत्राला घेऊन घरी आले आणि दोघांना खणात ठेवले. पुढच्या गुरुवारी त्यांनी विनीताला कळवले की गुडघा दुखतो आहे. मित्रांनो, सरांचा गुडघा कधीच दुखला नाही. माझी शाई वाळली. मुठीवर धूळ बसली.

सर आळशी नव्हते. ते रोज सकाळी लिहीत बसत. युद्धाच्या कायद्याचे, करड्या रंगाचे एक जाड पुस्तक त्यांनी फडताळातून काढले होते. लिहिता लिहिता ते पुटपुटत. "हा माझा विषय नव्हेच. एक सहकारी रजेवर गेला तेव्हा एक सत्र शिकवला, तेवढाच." मग खोडाखोड. "आणि मी हो म्हटलं, त्याने सही केली, आणि वाईट झालं तर?" मग तळटीप, तळटिपेला पोटटीप. कागद खणात येऊन माझ्यावर साचत. पाने एकोणीस झाली. उत्तर काही होईना.

सप्टेंबरमध्ये, गावात फुलांचा उत्सव भरला होता त्या आठवड्यात, मधुवंतीबाईंनी खण उघडला. त्या सरांच्या पत्नी, इथल्या हॉस्पिटलमध्ये तीस वर्षे डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. कॅसल हिलला राहणाऱ्या लेकीला भाजणीचा डबा पाठवायचा होता, त्यासाठी त्या सेलोटेप शोधत होत्या. हाती पत्र लागले. उभ्याउभ्याच त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले.

"अहो, हे कधीचं?"

"एप्रिलचं," बागेच्या दारातून सर म्हणाले.

"आता सप्टेंबर आहे."

"उत्तर लिहितोय मी."

"किती झालं?"

"एकोणीस पानं. तळटिपा धरून."

"तिने काय विचारलंय?"

"चौथ्या जिनिव्हा करारान्वये संरक्षित व्यक्तीला स्वतःचे हक्क..."

"नाही. शेवटी काय लिहिलंय ते वाचा. मोठ्याने."

सरांनी चष्मा लावला. "'बाबांना काचबिंदू आहे. थेंब जानेवारीत संपले. ते पलीकडेच मिळतात. आता ते वर्तमानपत्राचे फक्त मथळे वाचतात.'"

"मोतीबिंदू नाही म्हणाली ती," मधुवंतीबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू थांबतो आपल्यासाठी. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. एक दिवसाचीसुद्धा. तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं. मला वाटलं, प्रश्न कायद्याचा आहे."

त्या खुर्चीवर बसल्या. मग सरांनी, लहान मुलासारखे, विचारले, "पण मला खात्री नसताना मी सांगू कसं?"

"मला असायची खात्री? तीस वर्षं ऑपरेशनच्या आधी पेशंटचे नातेवाईक विचारायचे, दिसेल ना? मला जेवढं माहीत असायचं तेवढं सांगायचे, नाही ते नाही म्हणायचे. पण ओपीडी बंद करून पुस्तक वाचत नाही बसले."

"टोमणा आहे हा."

"आहेच. फोन लावा."

"मी? तूच लाव ना."

"पत्रातला नंबर मी फिरवते. बोलायचं तुम्ही."

फोन लागला. सरांनी नाव सांगितले. मधुवंतीबाईंनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणून मलाही ऐकू आले.

"ओह," नादिया म्हणाली. "मला वाटलं पत्र पोस्टात हरवलं."

मित्रांनो, सरांना सुटायला ही किती सोपी वाट होती. मी श्वास रोखून होतो, म्हणजे शिक्क्याला जसा रोखता येईल तसा.

"नाही," सर म्हणाले. "हरवलं नाही. मला मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही. मी घाबरलो."

ती म्हणाली, "डावा डोळा गेला. उजव्याने मोठी अक्षरं दिसतात अजून."

मधुवंतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

नादियाने पुढे सांगितले की वडिलांनी अजून सही केलेली नाही. फोनवरच्या बोलण्यावर ते विश्वास ठेवत नाहीत. ऑफिसची माणसेही नातेवाइकांचे नाव सांगून फोन करतात. ते फक्त कागद मानतात, स्वतःच्या डोळ्याने वाचलेला. पुढच्या मंगळवारी मदत संस्थेची एक नर्स तिकडे निघणार होती. औषध तपासणीत काढून घेतात, पण कागद जाऊ देतात. "एकच पान लिहा, सर. मोठ्या अक्षरांत. ओळींमध्ये जागा सोडा. तिथे मी आमच्या भाषेत लिहीन. आणि त्या पुस्तकातला जो नियम असेल, त्याची प्रत द्या. शिक्क्याची. बाबा मास्तर आहेत. ते आधी शिक्का बघतील."

सगळा बुधवार त्या एका पानात गेला. मधुवंतीबाईंनी जाड काळे मार्कर आणले आणि कागदावर एक अक्षर काढून दाखवले. "इतकं मोठं. ओळीत चार शब्द, जास्त नाही."

"चार शब्दांत कायदा बसत नाही."

"बसवा. त्यांच्याकडे एक डोळा आहे."

सर लिहीत, फाडत, पुन्हा लिहीत. तळटिपा गेल्या, 'तथापि' गेले, 'माझ्या अल्पमतीनुसार' गेले. मग एकदा त्यांचा हात थबकला आणि ते स्वतःशीच म्हणाले, "अरे, धाकाने घेतलेली सही. हे तर मी पस्तीस वर्षं शिकवलंय." त्यानंतर त्यांनी एकही पान फाडले नाही. जे लिहिले ते मराठीत सांगायचे तर असे होते:

'मास्तर, औषधासाठी सही मागणे हीच चूक आहे, आणि ती त्यांची आहे. तुमचे संरक्षण तुम्ही स्वतः सोडतो म्हटले तरी सुटत नाही. ताबा आहे तोवर वाटाघाटींत दोन्ही बाजूंनी मिळून ठरवले तरी ते काढून घेता येत नाही. सोबतच्या दोन कलमांत तसे लिहिले आहे. सही करायचीच झाली तर आधी वेगळ्या कागदावर लिहा: औषध मिळावे म्हणून सही करतो, गाव सोडायची माझी इच्छा नाही. तारीख घाला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, त्या कागदाचा फोटो मुलीकडे पाठवा. ते लोक कायदा पाळतील याची हमी मी देऊ शकत नाही. पण तुम्ही आपणहून गेलात असे कोणी म्हटले तर ते खोटे असेल, हे मी माझ्या नावाने लिहून देतो. निर्णय तुमचा. मी तुमच्या जागी असतो तर आधी डोळा वाचवला असता. हे पाच महिन्यांपूर्वी लिहायला हवे होते. उशीर माझा आहे.'

गुरुवारी सरांनी मला कोटाच्या खिशात घातले आणि करडे पुस्तक काखेत घेऊन ग्रंथालयात गेले.

"काका!" विनीता म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला काही झालं नव्हतं."

"माहितीये. काकू मला दर शनिवारी मार्केटात भेटतात." तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बसा."

सर बसले नाहीत. ते लोकांच्या रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पुस्तकातल्या दोन पानांच्या प्रती टेबलावर ठेवल्या आणि नादियाच्या पत्राचे सांगितले. "माझा कागद मी खरा म्हणणं बरं नाही. तू तपास. शिक्का माझा वापर, अक्षरं मोठी आहेत त्याची."

विनीता हसली नाही. तिने पुस्तक उघडले, ओळीवर बोट ठेवले आणि शब्द न् शब्द ताडून पाहिला. आठवे कलम. सत्तेचाळिसावे कलम. मागची रांग खोळंबली, पण तिने घाई केली नाही.

"काका, मूळ करार तर स्वित्झर्लंडात असणार. हे पुस्तक झालं."

"बरोबर आहे. म्हणून वर लिही, या पुस्तकातल्या पानाची प्रत. जेवढं खरं तेवढंच."

तिने तसे हाताने लिहिले. मग मला शाईवर दाबले. पाच महिन्यांनी शाई अंगाला लागली तेव्हा ती थंड वाटली. मी दोनदा उमटलो. शेवटचे अक्षर फिकेच आले.

"हे वाचून तिचे वडील सही करणार?" विनीताने विचारले.

"कोण जाणे. पण काय करतायत हे माहीत असून करतील."

मित्रांनो, उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. मी रबराचा तुकडा आहे आणि माझीही चूक झाली आहे. नियम पाळला की आपले काम संपले, असे मी मानत होतो. नियम पाळून झाल्यावर त्या बाईला खुर्ची द्यायला हवी होती आणि विचारायला हवे होते, दुसरे काय करता येईल? म्हणून कुठे लढाई थांबवण्याच्या वाटाघाटी चालल्याचे ऐकलेत, तर आनंद जरूर माना. पण एवढे विचारा की ज्यांच्या घरादाराविषयी बोलणे चालले आहे ती माणसे कुठे आहेत, आणि त्यांचे हक्क त्यांना कोणी सांगते आहे का. आणि कोणी तुम्हाला काही विचारले, तर पुरे उत्तर सापडेपर्यंत त्याला ताटकळत ठेवू नका. जेवढे ठाऊक असेल तेवढे आज सांगा. तुम्ही विचार करीत असता तेव्हा त्याचा वेळ थांबलेला नसतो.

ग्रंथालयाशेजारच्या पोस्टाबाहेर तातडीच्या टपालाची पिवळी पेटी आहे. सरांनी पाकिटावरचा पत्ता तीनदा वाचला. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धे घातले आणि तसेच धरून ठेवले. मागे एक ट्रकवाला आपले पाकीट घेऊन उभा होता.

"यू राइट, मेट?" त्याने विचारले, म्हणजे ठीक आहेस ना.

"नाही, तसा नाही," सर त्याला म्हणाले, "पण टाकतो." आणि त्यांनी हात सोडला.